एका छपराचे भाडे

मनुष्य घर कशासाठी बांधतो, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. परंतु स्वतःचे घर असताना तो चार दिवसांकरिता परक्याची खोली भाड्याने का घेतो, याचे उत्तर तितके सोपे नाही. हवापालट, देवदर्शन, समुद्रस्नान ही झाली सांगण्याची कारणे. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील मध्यमवर्गीय कुटुंबांपुरते बोलावयाचे, तर खरे कारण आमच्या मते निराळेच आहे. थोरला भाऊ नौपाड्यात, धाकटा डोंबिवलीस, बहीण कल्याणास, आणि प्रत्येकाचे बिऱ्हाड दोन-तीन खोल्यांचे! तिन्ही घरांतील चौदा माणसे रात्री एका छपराखाली निजतील, इतकी जागा यांपैकी कोणाकडेच नाही. पूर्वी सणावारी जे काम वाडा करी, ते आता गणपतीपुळ्याच्या किंवा महाबळेश्वरच्या हॉटेलास करावे लागते. हा वर्षातला तीन रात्रींचा वाडा हल्ली संगणकावर, सवलतीच्या दराने मिळतो.

सवलतीचा आम्हांस तिटकारा आहे, असे कोणी समजू नये. काटकसर हा तर आमच्या वर्गाचा कुळाचारच होय. पाच खोल्या घेतल्या आणि खोलीमागे रोज चारशे रुपये सुटले, तर तीन रात्रींत सहा हजार रुपये वाचतात. ही रक्कम सोडून देण्यासारखी खचित नव्हे. परंतु या बाजारात पाऊल टाकताच जो पहिला प्रश्न विचारला जातो, त्यापाशी आम्ही अडखळतो. 'प्रौढ किती आणि मुले किती?' मूल म्हटले की त्याचे वयही सांगावे लागते, कारण खाटेचे व न्याहारीचे पैसे त्यावर अवलंबून. प्रौढांचे वय मात्र कोणीच विचारीत नाही. पंचवीस वर्षांचा भाचा आणि ब्याऐंशी वर्षांची आजी या हिशेबात अगदी सारखी! पाच खोल्यांत चौदा माणसे बसवावयाची, तर चार खोल्यांत तिसरी खाट घालावी लागते. आणि त्या जादा खाटेवर कोणाला निजवावयाचे, असा विचार निघाला की बहुधा आजीचेच नाव पुढे येते. जिच्यामुळे हे चौदा जण एकमेकांचे कोणी लागतात, तीच नेमकी 'अतिरिक्त' ठरते.

याच्या उलट रेल्वेची रीत पाहावी. तिकीट काढताना प्रत्येक उतारूचे वय लिहावे लागते, आणि जागा असेल तर वृद्धांस व ४५ वर्षांवरील स्त्रियांस खालचा बर्थ आपोआप मिळण्याची तजवीज आहे. ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातील सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. पण वय विचारण्याचे सौजन्य राहिले. रेल्वेत सवलत गेली आणि आदर उरला; हॉटेलांच्या बाजारात सवलत उदंड, आदराचा रकाना तेवढा कोरा!

कराचा नियमही या बाबतीत मौजेचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ज्या खोलीचे रोजचे भाडे साडेसात हजार रुपयांपर्यंत आहे, तिच्यावर ५ टक्के वस्तू व सेवा कर पडतो. त्याहून अधिक भाडे असेल तर १८ टक्के. म्हणजे सर्वांना एकत्र बसता यावे म्हणून नऊ हजारांची एक मोठी खोली घ्यावी, तर कर १,६२० रुपये. साडेचार हजारांच्या दोन घ्याव्यात, तर अवघा ४५०. असा हेतू कायद्याच्या मनात नसेल. पण विभक्त व्हाल तर लाभ, एकत्र बसाल तर दंड, असा त्याचा अर्थ होतो खरा.

या सगळ्याचा विचार करावयास वेळ लागतो, आणि वेळ तर कोणी मिळू देत नाही. 'आता दोनच खोल्या उरल्या', 'या क्षणी तीसजण हीच जागा पाहत आहेत', अशी दवंडी पडद्यावर पिटली जाते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीचे १३ प्रकार निषिद्ध ठरविले; त्यांत ही खोटी निकड आहे, आणि दर थेंबाथेंबाने वाढवीत नेण्याची युक्तीही आहे. तेव्हा घाई करू नये. पैसे भरण्यापूर्वी हॉटेलच्या व्यवस्थापकास दूरध्वनी करावा. तळमजल्यावर खोली आहे काय, उद्वाहन चालते काय, शौचालयात कमोड आहे काय, खोल्या शेजारी-शेजारी मिळतील काय, हे स्पष्ट विचारावे. पाच खोल्यांचे गिऱ्हाईक म्हटल्यावर दराचेही बोलणे निघू शकते. आणि रद्द करता येणार नाही असा स्वस्त दर चौदा माणसांनी शक्यतो टाळावा. इतक्यांत एखाद्याला ऐनवेळी ताप यावयाचाच.

परंतु खरी भीती निराळीच आहे. खोल्यांचा हा हिशेब दिवाणखान्यात मोठ्याने चालतो, आणि कोपऱ्यात वाती वळीत बसलेली आजी तो ऐकत असते. "माझे काय? मी राहीन घरी. तुम्ही सगळे जाऊन या," असे ती हळूच म्हणते. तिच्या बोलण्यात रुसवा नसतो, आणि म्हणूनच ते सर्वांना पटते. एक खाट कमी होते, पायऱ्यांचा प्रश्न मिटतो, दर आणखी उतरतो. इतकी सोयीची सवलत कोणतेही संकेतस्थळ देऊ शकणार नाही! ती मात्र घेऊ नये. आजीची खोली आधी ठरवावी, तीही तिच्या देखत. उरलेल्या तेरा जणांची सोय मग जमेल त्या दरात पाहावी.