रिकामे सिंहासन आणि ‘ते’

रहस्यकथेतला अपराधी किती काळ पडद्याआड ठेवावा, याचे काही अलिखित संकेत असतात. माझ्या वडिलांच्या पिढीने बाबूराव अर्नाळकरांच्या ज्या छोट्या कादंबऱ्या हातोहात वाचल्या, त्यांत झुंजार किंवा काळापहाड यांच्याशी गाठ पडलेला दुष्ट माणूस पुस्तक मिटण्यापूर्वी वाचकाच्या हाती लागे. या सवयीत वाढलेल्या वाचकाला एइइचिरो ओदा यांची ‘वन पीस’ ही जपानी चित्रकथा बुचकळ्यात टाकते. १९९७ च्या जुलैमध्ये ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात सुरू झालेल्या या कथेत सर्वांत वरच्या सत्ताधीशाची आकृती प्रथम दिसते ती २०१८ मध्ये, ९०६ व्या प्रकरणात. म्हणजे जो वाचक दहाव्या वर्षी या कथेला लागला, त्याने एकतिसाव्या वर्षापर्यंत चुकीच्या शत्रूंशी वैर धरले होते.

अलिबागजवळच्या माझ्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याने या कथेचे खंड मला वाचायला दिले. मी ते थोड्या वरिष्ठपणाने हाती घेतले, हे कबूल केले पाहिजे. कथेतील जगावर एका जागतिक शासनाची सत्ता आहे. आठशे वर्षांपूर्वी वीस राजांनी ते स्थापिले आणि आपल्यापैकी कोणीही सर्वांचा राजा होणार नाही याची ग्वाही म्हणून एक सिंहासन कायमचे रिकामे ठेवले. त्याच्यासमोर वीस तलवारी रोवल्या आहेत. शासनाचे सर्वोच्च अधिकारी म्हणून पाच ज्येष्ठ वावरतात. आणि एके दिवशी वाचक पाहतो, की त्या सिंहासनाची पायरी चढून कोणी तरी वर जाते, आणि पाचही ज्येष्ठ जमिनीवर गुडघे टेकतात. त्या व्यक्तीचे नाव इमू.

रोलाँ बार्थ यांनी कथनातील ज्या संकेताला कूटाचा संकेत म्हटले, त्याचे काम प्रश्न उपस्थित करणे आणि उत्तर लांबवणे हे आहे. ओदा यांनी येथे वेगळे काही केले आहे. उत्तर येईपर्यंत वाचकाला प्रश्नच माहीत नव्हता. सिंहासन रिकामे आहे हे आदर्श म्हणून सांगितले गेले होते, कूट म्हणून नव्हे. आपल्याकडे या प्रतिमेचा संस्कारही तसाच आहे. भरताने सिंहासनावर पादुका ठेवल्या आणि स्वतः नंदिग्रामी राहिला. रिकामी जागा हे तेथे निष्ठेचे चिन्ह आहे. त्यामुळे इमूचे दर्शन मराठी वाचकाला जरा अधिकच दुखावते. फसवणूक व्यवस्थेची होते, तशी एका पवित्र चिन्हाचीही होते.

या व्यक्तीविषयी मराठीत लिहू लागल्यावर मात्र एक अडचण उभी राहिली. पहिल्या दर्शनात ती केवळ काळी छायाकृती आहे. स्त्री की पुरुष हे कळत नाही. मराठी क्रियापद लिंग विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही. ‘बसला’ लिहावे की ‘बसली’? मी टिपणवहीत लिहिले, ‘ते सिंहासनावर बसले.’ लिहून झाल्यावर लक्षात आले, की या वाक्याचे दोन अर्थ होतात. आदरार्थी बहुवचन मानले तर कोणी थोर पुरुष बसले. नपुंसकलिंगी एकवचन मानले तर कसलेसे ‘ते’ बसले. बोलण्यात आपण ‘बसलं’ म्हणून भेद राखतो. लेखी प्रमाणभाषेत आदर आणि अमानुषता यांचे रूप एकच होऊन जाते. लपलेल्या सत्तेचे इतके नेमके वर्णन व्याकरणाने आयते करून ठेवले असेल, असे मला वाटले नव्हते.

हे ‘ते’ माझ्या ओळखीचे होते. पण त्याआधी कुलाब्याविषयी सांगितले पाहिजे. इंग्रजांच्या कागदांत कान्होजी आंग्रे चाचे आहेत. मराठ्यांचा हा सरखेल आपल्या समुद्रात येणाऱ्या गलबतांकडे दस्तक मागे, आणि ते नसल्यास गलबत धरी. परवाने इंग्रजही देत. परंतु चाचा कोणाला म्हणायचे हे ठरविण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे ठेवला होता. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेली स्वारी फसली. पुढे शंभरावर वर्षांनी हीच गादी तोफ न डागता गेली. १८३८ मध्ये दुसरे रघुजी आंग्रे वारले, औरस वारस उरला नाही, दत्तकाला मान्यता नाकारली गेली आणि १८४० मध्ये संस्थान खालसा झाले. गादी रिकामी आहे, या एका विधानावर राज्य घेतले गेले. ज्यांच्या नावाने ते घेतले, ते लंडनमधील कंपनीचे चोवीस संचालक अलिबागेत कोणी कधी पाहिले नसतील. ओदा यांच्या कथेतील नायक चाचे आहेत आणि सिंहासन रिकामे आहे, हे वाचताना या किनाऱ्यावरच्या वाचकाला कल्पिताचा प्रदेश फारसा परका वाटत नाही.

मी वर्गात अनेक वर्षे मिशेल फूको शिकविला आहे. राजकीय विचाराने राजाचे शिर अजून उतरविलेले नाही, हे त्याचे म्हणणे मुलांना सांगताना मला एक प्रकारचा आनंद होई. सत्तेला चेहरा नसतो, ती संबंधांच्या जाळ्यात पसरलेली असते, हे मी सांगे. आणि त्या न्यायाने इमू ही कल्पना मागासलेली ठरते. विखुरलेल्या अन्यायाला एक मुखवटा चढवून ती वाचकाला दिलासा देते. मी हे म्हटल्यावर त्या विद्यार्थ्याने विचारले, “मग मॅडम, संप कोणाविरुद्ध करायचा?”

त्याला ठाऊक नव्हते, पण माझी आजी चरीच्या शेजारच्या गावची. १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतीच्या जाचाविरुद्ध तेथील कुळांनी शेते कसणे थांबविले, ते १९३९ पर्यंत. डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू घेतली आणि १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. आजी तेव्हा लहान होती. खाडीतली चिंबोरी आणि रानातला पाला यांवर काढलेल्या दिवसांविषयी ती बोले, तेव्हा खोताचे नाव कधी घेत नसे. “ते कधी आले नाहीत. त्यांचे माणूस येई.” मी तिच्या तोंडून हे ‘ते’ शेकडो वेळा ऐकले.

आता वाटते, की विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर तिच्या हकिगतीत होते. चरीच्या कुळांनी खोताचा चेहरा उघडा पाडण्याची वाट पाहिली नाही, आणि सत्ता सर्वत्र आहे म्हणून ती हताशही झाली नाहीत. सत्ता ज्या ठिकाणी त्यांच्या हातांवाचून चालू शकत नव्हती, ते ठिकाण म्हणजे शेत. तेथे त्यांनी हात आवरले. ‘वन पीस’मध्येही इमूचा खरा प्रतिपक्ष मला तलवारीत दिसत नाही. शासनाने इतिहासातील शंभर वर्षे पुसून टाकली आहेत आणि जुन्या शिलालेखांचे वाचन हा गुन्हा ठरविला आहे. ते वाचू पाहणाऱ्या ओहारा बेटावरील अभ्यासकांना बेटासह नष्ट केले जाते. आठ वर्षांची रॉबिन तेवढी निसटते आणि पुढे लेख वाचत राहते. ज्येष्ठ इमूसमोर गुडघे टेकून विचारतात ते हेच, की आता कोणाचे नाव पुसायचे.

येथे माझी स्वतःची गोष्ट मला टाळता येत नाही. माझा प्रबंध कोकणातील ग्रामीण कादंबरीवर आहे आणि त्यात सत्ताकेंद्राच्या अनुपस्थितीवर एक संपूर्ण प्रकरण आहे. ते मी लिहीत होते तेव्हा आजी जिवंत होती, शेजारच्या खोलीत होती. त्या अनुपस्थिताचे नाव काय, हे मी तिला विचारले नाही. तिची भाषा मला संहिता वाटली नाही. ती गेली, आणि घरात ते नाव माहीत असलेले कोणी उरले नाही. पुसण्यासाठी कोणा इमूची गरज पडली नाही. माझ्या अभ्यासाची पद्धत पुरेशी होती.

नाव कोठे तरी असेलच. जुने फेरफार, खंडाच्या पावत्या, दप्तरात बांधलेले कागद पाहावे लागतील. ते मिळाल्याने माझ्या प्रबंधातील सिद्धान्त खोटा ठरेल असे नाही. पण त्या प्रकरणातील ‘ते’ ज्या ज्या वाक्यात आहे, ती वाक्ये मला पुन्हा लिहावी लागतील. विद्यार्थ्याने त्याच्या खंडांचा पुढचा गठ्ठा आणून दिला आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी आधी कागद पाहणार आहे.