उंदीर नसलेलं बेट

भारतातून पाहुणे आले की त्यांच्या यादीत हॉबिटन आणि मिलफर्ड साऊंड ठरलेलं असतं. मी त्यात टिरिटिरी मटांगीची भर घालतो. हाउराकी आखातातलं हे जेमतेम २२० हेक्टरचं बेट, ऑकलंडहून फेरीने साधारण सव्वा तासावर. जेवायची सोय नाही, डबा आपला आपण न्यायचा. आणि बोटीत चढण्याआधी पिशव्या, बुटांचे तळवे नीट तपासायचे. एखादा उंदीर, मुंगी किंवा तणाचं बी चुकूनही पलीकडे जाता कामा नये.

एवढा बाऊ कशासाठी? तर मंडळी, या देशात जमिनीवर राहणारे मूळचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं! त्यामुळे काही पक्षी उडायचंच विसरले. मग माणूस आला आणि त्याच्याबरोबर उंदीर, मांजरं, स्टोट आले. पुढचं सांगायला नकोच.

टिरिटिरीवर १९७१पर्यंत गुरं-मेंढ्या चरत होत्या. मूळचं जंगल म्हणाल तर ओहोळांच्या काठाकाठाने थोडंसं उरलेलं. १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत हजारो स्वयंसेवकांनी इथे अडीच लाखांहून जास्त झाडं लावली. इथल्या दीपगृहाचे शेवटचे रखवालदार रे वॉल्टर यांनी दिव्याचं काम संपल्यावर रोपवाटिका सांभाळली. १९९३मध्ये विमानातून विषारी आमिष टाकून उंदीर संपवले. त्या विषाने पुकेकोही बरेच मेले. पुकेको म्हणजे आपल्या जांभळ्या पाणकोंबडीचा भाऊबंद. ही किंमत मोजूनच बेट मोकळं झालं.

आज इथे टाकाहे पायवाटेवर आरामात चरताना दिसतो. पुकेकोसारखाच, पण चांगला दांडगा आणि न उडणारा. हा पक्षी नामशेष झाला असं सगळे धरून चालले होते. १९४८मध्ये दक्षिण बेटाच्या डोंगरात तो पुन्हा सापडला. अजूनही जगात पाचशेच्या आसपासच आहेत. कोकाको, टिएके, हिहीही इथे आहेत. पण जंगल अजून तरुण, झाडांना ढोल्या नाहीत. म्हणून हिहीसाठी लाकडी पेट्या टांगल्यात आणि साखरेचं पाणी ठेवतात. आमच्या इंजिनिअरांच्या भाषेत सांगायचं तर यंत्र सुरू झालंय, पण मेंटेनन्स कायमचा आहे.

एक गोष्ट मात्र मनात घोळत राहते. आपली साळुंकी इथे १८७०च्या दशकात किडे खायला म्हणून आणली गेली. ऑकलंडच्या फुटपाथवर ती दिसली की मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. इथले पक्षीप्रेमी मात्र तिला उपद्रवी म्हणतात, आणि त्यांचं चूक नाही. ती दुसऱ्यांची घरटी बळकावते. बाहेरून आलेल्या माझ्यासारख्याला हे ऐकताना जरा अवघडल्यासारखं होतं, एवढं खरं.

कधी आलात तर सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये या. आणि निघताना पिशवी झटकायला विसरू नका!