चौथ्या पानावरचा चहा

नाना बोलेनासे झाले, तेव्हा घरातले आम्ही सगळे एकदम फार बोलू लागलो. "पाणी हवं? पंखा लावू? उशी देऊ?" झटक्याने त्यांची वाचा गेली, उजवा हात लुळा पडला, समज मात्र जागच्या जागी होती. जन्मभर वर्गात व्याकरण शिकवलेला माणूस नुसती मान हलवतो, हे पाहवत नव्हते.

कचेरीत पॉवरपॉइंटवर तक्ते दाखवून मी पोट भरतो. म्हटले, ही विद्या घरी का वापरू नये? दोन रात्री जागून बारा पाने केली. पहिल्यावर मोठी चित्रे : पाणी, चहा, औषध, झोप. डाव्या हातातल्या माउसने चित्रावर टिचकी मारली, की मॅक्रो धावायचा आणि 'गोटू स्लाइड' या हुकमाने नेमके पान उघडायचे.

पहिल्या सकाळी काही उघडेचना. फाइल मी सवयीने पीपीटीएक्स करून ठेवली होती; आणि २००७ च्या आवृत्तीपासून त्या जातीत मॅक्रो राहतच नाहीत, त्यांना पीपीटीएम लागते. चित्रे शाबूत, बुद्धी गुल! पुन्हा लिहिले. मग टिचकी चित्राच्या बाजूला पडली, तरी पुढचे पान येई. 'क्लिक केल्यावर पुढे जा' ही खूण प्रत्येक पानावरून काढली, तेव्हा ते थांबले.

आठ दिवस झकास गेले. नवव्या संध्याकाळी नाना चहावर टिचकी मारीत होते आणि पडद्यावर पाणी येत होते. सौ.ने तीन पेले पाणी पाजले. चौथ्याला नानांनी माउस भिरकावला आणि भिंतीकडे तोंड फिरवले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

आईने विचारले, "काल तू मध्ये काही घातलंस का रे?"

घातले होते. नातीचा फोटो, दुसऱ्या पानावर.

"मग पुढचे आकडे चुकणारच. माझ्या पाककृतींच्या वहीचं तेच झालं होतं!"

खरेच की! चहा तिसऱ्यावरून चौथ्या पानावर सरकला होता. माझा मॅक्रो इमानाने तिसऱ्यावरच जात होता. प्रत्येक पानाला रांगेतल्या क्रमांकाखेरीज एक 'स्लाइड आयडी' असतो; पाने पुढेमागे केली तरी तो बदलत नाही. मॅक्रोला सांगितले, की बाबा, आधी आयडीवरून पान शोध, ते आता कितवे आहे ते पाहा आणि मग तिकडे जा.

नानांनी टिचकी मारली. चहा आला, पडद्यावर आणि पाठोपाठ कपातही.

मग ते पाण्याच्या पानावर गेले. सौ. पेला घेऊन धावली. त्यांनी जोराने मान हलवली आणि पडद्यावरच्या एका अक्षरावर बोट आपटले. मी 'पाणि' लिहिले होते, पहिल्या वेलांटीचे!

मी दुसरी वेलांटी दिली. नानांनी डाव्या हाताने माझा कान धरला, पुष्कळ वर्षांनी.