लहान शेतकऱ्याची विहीर

आम्ही दोघे, एक जळगावचे, दुसरे धुळ्याचे, वाक्यपृथक्करण शिकवतो. हाताशी मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११). यंत्रासाठी हेच काम सोपे करणारे ‘याक’ स्टीफन जॉन्सन यांनी बेल लॅब्जमध्ये रचले. त्याचा अहवाल १९७५चा. व्याकरणाचे नियम आपण द्यायचे, वाक्य वाचणारा प्रोग्राम ते लिहून देते. प्रत्येक नियमाला कृती जोडलेली असते. नियम जुळला की वृक्षाची एक गाठ बसते. पाने आधी, मूळ शेवटी.

‘लहान शेतकऱ्याची विहीर’ आम्ही कागदावर चालवून पाहिली. ‘ची’ समोर येताच पेच: ‘लहान’ आणि ‘शेतकरी’ यांची मोट बांधून टाकावी, की आधी ‘ची’ आत घ्यावी? वेगळी सूचना नसेल तर याक पुढचे पद आत घेते. म्हणजे लहान ठरते ती विहीर! आमच्या शिवारात कोणीही अल्पभूधारकच समजेल. प्राधान्य उलटे सांगता येते. मग खरोखरच विहीर लहान असली की पंचाईत.

‘मोठ्या शेतकऱ्याची विहीर’ असती तर हा पेचच नव्हता. विद्यार्थी ज्याला कंटाळतात ते सामान्यरूपच फांदी कोणाची ते सांगते. ‘लहान’ मात्र अविकारी.