शेत वाढले, शेजार आटला

अमेरिकेतला शेतकरी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? हजार एकरांचे रान, घराएवढे यंत्र, धान्याच्या उंचच उंच पत्र्याच्या कोठ्या, आणि मजुरांची कटकट नाही. हे सारे तिथे आहे, मी पाहून आलो. पण त्या घरांच्या जेवणाच्या टेबलाशी बसल्यावर जे ऐकले, ते तुमच्या कानांवर घालावे म्हणून हा लेखनप्रपंच.

१९८४ ते १९८६ अशी दोन वर्षे मी आयोवा राज्यात, एम्स गावच्या आयोवा स्टेट विद्यापीठात शिकलो. शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या मुलांना कॉलेजचे शिक्षण मिळावे म्हणून सरकारी जमिनी देऊन कॉलेजे उभारण्याचा कायदा अमेरिकेने १८६२ साली केला. तो आयोवाने सर्वांआधी स्वीकारला. माझे बहुतेक सोबती शेतकऱ्यांचीच पोरे होती. शिकून ती पुन्हा मातीत गेली. २०२३ च्या ऑक्टोबरात मुलाकडे जाण्याचा योग आला, तेव्हा मी आणि आमची ही, दोघांनी सहा दिवस मोटारीने फिरून त्यांतली काही घरे गाठली.

तिथले रस्ते पट्टीने आखल्यासारखे. एक मैल लांब, एक मैल रुंद असा चौकोन; त्यात ६४० एकर जमीन. जुन्या काळी अशा चौकोनात १६० एकरांची चार कुटुंबे सहज नांदत. आता मैलामैलावर नुसता झाडांचा पुंजका दिसतो. वारा अडवायला कुणी तरी लावलेली झाडे. घर मात्र गेलेले. ही म्हणाली, "तुळस राहिली नि वाडा गेला म्हणायचं!"

पहिले घर मार्शलटाउनजवळचे. गडी १,२०० एकर करतो. तीनशे स्वतःचे, बाकी खंडाने. मका आणि सोयाबीन, एवढी दोनच पिके. मक्याची काढणी चालू होती. हार्वेस्टरवर त्याच्या शेजारी बसलो. सकाळी चढलेला माणूस रात्री उतरतो, भाकरतुकडाही वरच. दिवसभरात बोलायला माणूस नाही. १० ऑगस्ट २०२० रोजी त्या भागात भयंकर वावटळ झाली. उभा मका आडवा झाला, कोठ्या चुरगळल्या. ते सांगताना तो मध्येच थांबला. म्हणाला, "वादळ थांबलं तेव्हा मी हाक मारायला बाहेर आलो. मग ध्यानात आलं, हाक मारायची कुणाला? या चौकोनातले सगळे विकून गेले. जमीन तर मीच घेतली त्यांची."

हे त्या एकट्याचेच नव्हे. १९३५ साली आयोवात दोन लाखांहून कितीतरी अधिक शेते होती. २०२२ च्या शेतीगणनेत ती ८७ हजारांच्या आसपास भरली. माती तेवढीच राहिली. तिच्यावरची घरे उठली.

तिथून उत्तरेला क्रेस्को गावी गेलो. आपल्याकडे ज्यांच्या मेक्सिकन गव्हाने १९६० नंतर हरितक्रांती आणली, ते डॉ. नॉर्मन बोरलॉग १९१४ साली या गावाजवळच जन्मले. त्यांचे शेतघर आणि लहानपणची एकखोली शाळा जपून ठेवली आहे. शाळा पाहायला मिळते, पण अशा शाळांत शिकणारी पोरे आता उरली नाहीत.

क्रेस्कोत आमच्यापुढे एक वर्ष असलेली एक बाई राहते. ती कृषिविस्तार खात्यातून निवृत्त झाली. तिने जी हकिकत सांगितली, ती वाचकहो, जरा थांबून वाचा.

१९७० नंतरच्या दहा वर्षांत धान्याला भाव होता, जमिनीचे दर चढत होते, कर्ज मागेल त्याला मिळत होते. मग भाव पडले, व्याज चढले. १९८१ साली एकरी २,१०० डॉलरांवर गेलेली आयोवाची जमीन १९८६ साली ८०० डॉलरांच्या खाली आली. तारणच आटले. गावोगाव लिलाव सुरू झाले. कित्येकांनी जिवाचे बरेवाईट करून घेतले. १९८५ साली विद्यापीठाच्या विस्तारसेवेने अडलेल्या शेतकऱ्यांसाठी एक फोन सुरू केला. ही बाई तेव्हा नुकतीच नोकरीला लागली होती आणि पाळीने त्या फोनवर बसे.

ती म्हणाली, "लोकांना वाटायचं, आम्ही पैशाचा सल्ला देतो. पण पहिली दहा मिनिटं माणूस नुसता श्वास घ्यायचा. बँकेचा कागद सहा महिने खिशात घेऊन हिंडणारे होते. बायकोला दाखवलेला नाही, भावाला नाही. शेजाऱ्याकडे तर जाणंच बंद, कारण त्याच्याही खिशात तसलाच कागद! दोन्ही घरांतले दिवे एकमेकांना दिसत होते, पण उठून कुणी कुणाकडे गेलं नाही."

तेव्हा मी तिथेच शिकत होतो. वर्गातली काही पोरे मधूनच गावी निघून जात, ती परत येत नसत. ती का जात, ते मला चाळीस वर्षांनी कळले.

शेवटचे घर मिसिसिपी नदीपलीकडचे, विस्कॉन्सिन राज्यातले. डोंगराळ मुलूख, दूधदुभत्याचा. सोबत्याच्या गोठ्यात पन्नास गाई. शेजारी आमिश पंथाचे ख्रिस्ती लोक राहतात. ते मोटार ठेवत नाहीत, घोडागाडीने फिरतात, नांगरही घोड्यांनी ओढतात. दोन वर्षांपूर्वी याचा गोठा जळाला. तिसऱ्या दिवशी पहाटे घोडागाड्यांची रांग दारात लागली. पुरुषांनी तुळया चढवल्या, बायकांनी स्वयंपाक रांधला. पैशाचा प्रश्नच निघाला नाही. त्यांचे काम निघेल तेव्हा याने ट्रकने लाकूड आणून द्यायचे, एवढेच.

हे ऐकून ही पटकन म्हणाली, "अहो, ही तर आपली इर्जिक!" मी अर्थ समजावून सांगितला. तेव्हा सोबत्याच्या बायकोने तो शब्द तीन-चारदा घोकून कॅलेंडरवर लिहून ठेवला.

मंडळी, तुम्ही म्हणाल, त्यांची शेते वाढताहेत, आपली वाटण्या होऊन घटताहेत, तुलना कसली? खरे आहे. यंत्र नको, असेही मी म्हणत नाही. पण इर्जिक आणि सावड आपल्याकडेही आठवणीतच उरत चालली आहे. बांधावरून बोलणे तुटते, विहिरीच्या पाळीवरून तुटते, आणि कर्जाचा कागद इथेही गादीखाली दडतो. पेरणी-काढणी एकट्याने निभेल. संकट मात्र एकट्याने निभत नाही.

तेव्हा एवढे करा. बँकेचा, सोसायटीचा कागद घरातल्या माणसांपुढे उघडा. घरधनिणीला आधी दाखवा. आणि ज्या शेजाऱ्याचा आवाज आठ-पंधरा दिवसांत कानी आला नाही, त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. काम नसले तरी बसा. तंबाखू मागायच्या निमित्ताने गेलात तरी चालेल.