जातीचा रकाना आणि संध्याकाळची प्रार्थना

जूनमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यातली गोष्ट. पाचवीत गेलेली पोरगी फॉर्म घेऊन आली. धर्म, जात, प्रवर्ग असे तीन रकाने रिकामे. म्हणाली, "पप्पा, सर म्हणाले घरी विचारून भर. काय लिहू?"

आमच्या भागात हा प्रश्न साधा राहिलेला नाही. आम्ही अंतरवाली सराटीच्या शेजारचे. 29 ऑगस्ट 2023 ला तिथं उपोषण सुरू झालं, 1 सप्टेंबरला लाठीमार झाला, आणि तोवर अंबड तालुक्यातही सगळ्यांना ठाऊक नसलेलं गाव देशभर झालं. पुढच्या वर्षी जूनमध्ये तिथून हाकेच्या अंतरावर वडीगोद्रीत ओबीसींचं उपोषण बसलं. दोन्ही मंडपांत आमच्या ओळखीची माणसं होती. एकीकडे शेजारी, दुसरीकडे वर्गमित्र. मधल्या काळात जो तो जुनी रजिस्टरं उलटत होता. निजामाच्या काळातली कागदपत्रं, मोडी वाचणारा माणूस, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर हे शब्द लेकरांच्याही तोंडी बसले होते. पोरगी तेव्हा तिसरीत होती. तिनं एकदा जेवताना विचारलं होतं, "आपलं आरक्षण कुठं असतं?"

तेव्हा मी "खा आधी" म्हणून वेळ मारून नेली. आता फॉर्मच समोर आला.

आमचं थोडक्यात सांगतो, कारण दोन्ही मंडपांतल्या कुणालाच हे माहीत नव्हतं. आम्ही मूळचे मांग. आजोबांचा बाप्तिस्मा 1952 चा. त्याच्या दोन वर्षं आधी, 10 ऑगस्ट 1950 ला, अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला होता. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाप्रमाणे हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा धरला जात नाही. 1956 साली त्यात शीख आले, 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. 2022 साली केंद्रानं माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला, तो याच प्रश्नावर. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना ओबीसीत धरतात. म्हणजे ज्या यादीवरून आमच्या डोळ्यांदेखत एवढं रामायण घडलं, तिच्यात आम्हीही कुठंतरी कोपऱ्यात आहोत. आजोबांना यातलं काही ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. गाव हैदराबाद संस्थानातून नुकतंच सुटलेलं, आणि आदेश इंग्रजीत.

आता खरं दुखणं. आमच्या समाजातली कितीतरी घरं रविवारी उपासनेला जातात आणि लेकरांच्या दाखल्यावर 'हिंदू मांग' लिहितात. मी त्यांना नावं ठेवत नाही. अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती, वसतिगृह, रमाई घरकुल आणि अंगावर कुणी आलं तर अॅट्रॉसिटीचं संरक्षण, हे सगळं एका शब्दावर जातं. बाप्तिस्मा झाला म्हणून गावातला माणूस आपल्याला वेगळं वागवायला लागला, असं काही होत नाही. पाणवठ्यावर जात तीच राहते, फक्त कागदावरून जाते. हे अन्यायाचं आहे, आणि तो अन्याय लेकरांना खोटं बोलायला शिकवून आम्ही आपल्या घरात घेतो.

मला हे फार उशिरा कळलं. पोरगी पहिलीत असताना आम्हीच तिला सांगायचो, "शाळेत कुणी विचारलं रविवारी कुठं गेली होती, तर मामाकडं म्हणायचं." आणि त्याच रात्री हिच्या मांडीवर बसून ती दहा आज्ञा पाठ करायची. नववी आज्ञा खोट्या साक्षीची आहे. एके दिवशी ती तिथंच थांबली आणि आईला म्हणाली, "मग मामाकडं गेलो म्हणायचं का नाही?" बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं.

ख्रिस्ती आईबापांना वर्षभर भीती कशाची असते? गणपतीत पोरगं आरतीला उभं राहील, दसऱ्याला पाटीपूजन करील, प्रसाद खाऊन येईल. पाळकसाहेबांपासून मावशीपर्यंत सगळे याच्यावर बोलतात. मला विचाराल तर लेकराची श्रद्धा प्रसादानं जात नाही. प्रसादाचा प्रश्न करिंथच्या मंडळीलाही पडला होता आणि पौलानं त्यांना सावकाश, समजुतीनं उत्तर दिलेलं आहे. श्रद्धा जाते ती 'घरात एक, बाहेर एक' या शिकवणीनं. ज्या देवाचं नाव शाळेत घ्यायचं नाही, तो देव लेकराला मोठं झाल्यावर घरातही नकोसा होतो. माझ्या बरोबरीचे तीन-चार जण असेच गेले. कुणी त्यांना ओढून नेलं नाही, आपापले विरून गेले.

आरतीचं म्हणाल तर राज्यघटनेचं 28 वं कलम आहे. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत चालणाऱ्या उपासनेत पालकांच्या संमतीशिवाय लेकराला सहभागी करून घेता येत नाही. पण कलम खिशात ठेवावं, हातात धरू नये. तिसरीत असताना पोरगीनं स्वतःच सरांना सांगितलं, "मी रांगोळी काढीन, आरती नाही म्हणणार." सर म्हणाले, "बरं, रांगोळी तुझी." विषय संपला.

हेच कलम मी घरीही पाळतो. शेजारची मैत्रीण अभ्यासाला येते. आमची प्रार्थना सुरू झाली की ती वहीत चित्रं काढत बसते. तिला आम्ही हात जोडायला सांगत नाही. कुणाचं लेकरू म्हणजे कुणाच्या धर्माचं शेत नाही. जालन्याच्या ख्रिस्ती माणसानं तर हे विसरूच नये.

का, ते सांगतो. जालन्यात मंडळी उभी केली ती रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी. मूळचे ब्राह्मण, मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, 1843 साली बाप्तिस्मा घेतला. पुढे जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाचं गाव वसवलं आणि त्यात मांग कुटुंबं मोठ्या संख्येनं आली. हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते धाकट्या भावाचं. श्रीपत तेव्हा साधारण बारा वर्षांचा होता. तोही मिशनऱ्यांकडं राहायला गेला. वडील कोर्टात गेले आणि कोर्टानं मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यायचं की नाही, यावर मुंबईत मोठं रण माजलं. बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घ्यावं म्हणून उभे राहिले, कर्मठांनी त्यांनाही सोडलं नाही. सगळे त्या पोरावर हक्क सांगत होते. त्या बारा वर्षांच्या पोराला रात्री झोप कशी लागत असेल, हा विचार मला लेकरं झाल्यावर यायला लागला.

आमच्या घरी काय चालतं? फार काही नाही. जालन्याला चर्चमध्ये जाणं महिन्यातून एकदा जमतं. बाकीचे रविवार घरात. शब्बाथशाळा म्हणावी अशी जवळ नाहीच. जादा तास सुरू झाले तर रविवारही शाळेचा. म्हणून जे काही आहे ते रोज रात्री जेवणाआधीची पंधरा मिनिटं. एक गीत, दहा-बारा वचनं, मग ज्याला जी प्रार्थना करायची ती त्यानं आपल्या शब्दांत करायची. मोठ्यांची प्रार्थना लांबली की धाकटा आईच्या पदराला गुंडाळी घालतो. तो दुसरीत आहे आणि 'आमेन'पर्यंत क्वचितच जागा असतो. लाइट गेली तरी प्रार्थना होते, उलट तेव्हा जास्त चांगली होते.

गीतं बहुतेक ना. वा. टिळकांची. शाळेत परिपाठाला पसायदान म्हणून आलेल्या लेकराला घरी टिळकांचा अभंग परका वाटत नाही. भाषा तीच, चालीचं वळणही ओळखीचं. टिळक तुकोबा वाचत वाचत ख्रिस्तापर्यंत आले. आपल्या लेकरांना येशू इंग्रजी गाण्यातूनच भेटावा असा हट्ट हल्ली शहरातल्या चर्चांत दिसतो, तो मला कळत नाही. असो.

माझ्या आईच्या लहानपणी 'बालबोधमेवा' घरी यायचा. मुलांचं मासिक, अमेरिकन मराठी मिशननं काढलेलं. आई सांगते, एकच अंक पाच भावंडं ओढायची. आता मोबाइल आहे, आणि तोही तसाच ओढतात. पण त्यात काय बघतात ते विचारू नका.

या पंधरा मिनिटांतली एक रात्र मात्र सांगायलाच हवी. सप्टेंबर 2023. बस बंद, शाळा बंद, बाहेर नुसत्या अफवा. पोरगीनं प्रार्थनेत म्हटलं, "देवा, जरांगे काकांनी काहीतरी खाऊ दे." तिला कुणी शिकवलं नव्हतं. उपाशी माणूस तिला दिसला, मागणी काय ते कळलंच नव्हतं. पुढच्या जूनमध्ये तिनं हाके काकांसाठीही तेच मागितलं. तेव्हा माझ्या मनात आलं होतं की अगं, ते एकमेकांच्या विरोधात आहेत. मी गप्प बसलो ते बरं केलं.

तर फॉर्म. या वेळी मी "खा आधी" म्हटलं नाही. तिला शेजारी बसवून सगळं सांगितलं. आपण कोण होतो, आजोबा ख्रिस्ती का झाले, त्यामुळं काय मिळालं आणि काय गेलं. पैशाचं आणि वसतिगृहाचंसुद्धा सांगितलं. पुढं कॉलेजच्या वेळी तिनं "तुम्ही माझं नुकसान केलं" म्हटलं, तर निदान "मला सांगितलंच नाही" असं म्हणता कामा नये. ती म्हणाली, "मग खरं तेच लिहू ना." आणि पेन घेतलं. 'ख्रिश्चन'मधल्या 'ख्रि'ला अडली, रकान्यातून अक्षर बाहेर गेलं.

ओबीसीच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. म्हणजे रजिस्टरं उलटायची पाळी आमच्यावरही आली. शाळेत आजोबांची नोंद सापडली, 1944 ची, जातीपुढं 'मांग'. बाप्तिस्म्याची नोंद मंडळीच्या वहीत. दोन्हीकडं पोरगी माझ्यासोबत आली होती. तिनं दोन्ही पानांवर बोट फिरवून विचारलं, "हे एकच आजोबा ना?" मी हो म्हटलं.

कागद दिलेत, दाखला अजून यायचा आहे. ती रोज प्रार्थनेत त्या फाइलचं नाव घेते. धाकटा तोवर झोपलेला असतो.