‘मी’ म्हणावयास शिकलों

शाळेच्या वार्षिक अंकासाठीं कांहीं लिहून पाठवावें, अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हां प्रथम प्रवासवर्णन लिहावें असें माझ्या मनांत आलें. परंतु अमेरिकेंतील उंच इमारती व धबधबे यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. म्हणून तेथील एका लहानशा वर्गाची हकीकत सांगण्याचें मीं योजिलें आहे. नोकरीसाठीं मुलाखत कशी द्यावी, हें शिकविणारा तो वर्ग होता. ‘बोलावयास काय शिकावयाचें?’ असें कित्येकांस वाटेल. मलाहि आरंभीं तसेंच वाटत होतें.

2017 सालीं स्थापत्यशास्त्राच्या उच्च शिक्षणाकरितां मी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागांतील एका विद्यापीठांत दाखल झालों. त्यापूर्वीं दोन वर्षें पुण्यास एका लहान कचेरींत पाणीपुरवठ्याच्या योजनांचे नकाशे व हिशेब करण्याचें काम मीं केलें होतें. शिक्षणाच्या खर्चासाठीं वडिलांनीं राहतें घर बँकेकडे तारण ठेविलें होतें. पदवी मिळाल्यावर कांहीं वर्षें तेथें नोकरी करून तें कर्ज फेडावयाचें, असा माझा संकल्प होता. पहिल्या वर्षाच्या अखेरीस उन्हाळ्यांतील तात्पुरत्या कामासाठीं मीं दोन ठिकाणीं टेलिफोनवरून मुलाखती दिल्या, व दोन्हींकडून नकार आला. गुण बरे, अनुभव गांठीशीं. मग उणें कोठें पडतें, हें कळेना. अशा स्थितींत 2018 च्या उन्हाळ्यांत विद्यापीठानें परदेशीय विद्यार्थ्यांसाठीं सहा आठवड्यांचा हा वर्ग काढला, त्यांत मीं नांव घातलें.

वर्गांत आम्ही चौदा जण होतों. चीन, कोरिया, नायजेरिया, ब्राझील, नेपाळ अशा निरनिराळ्या देशांतील ती मंडळी होती. शिकविणाऱ्या बाई वयस्क असून त्यांनीं पुष्कळ वर्षें एका कारखान्यासाठीं माणसें निवडण्याचें काम केलें होतें. पहिल्याच दिवशीं त्यांनीं प्रत्येकाची लुटुपुटूची मुलाखत घेतली व ती यंत्रावर चित्रित करून ठेविली. ‘स्वतःविषयीं सांगा,’ हा पहिला प्रश्न. मीं आपल्या रीतीप्रमाणें गांवापासून आरंभ केला. वडील प्राथमिक शाळेंत शिक्षक, आजोबांनीं गांवांत वाचनालय काढलें, थोरली बहीण डॉक्टर, इत्यादि सर्व सांगितलें. बाई शांतपणें ऐकून म्हणाल्या, ‘तुमच्या वडिलांची व आजोबांची भेट झाली, आनंद वाटला. आतां तुमची भेट करून द्याल का?’ वर्ग हंसला. मीहि हंसलों, पण मनांतून ओशाळलों.

माझ्या अर्जाचीहि तीच गत होती. वडिलांचें नांव, जन्मतारीख, धर्म, अविवाहित असल्याचा उल्लेख आणि वर छायाचित्र, असा तो सजलेला होता. बाईंनीं तांबड्या शाईनें तें सर्व खोडलें. 1964 च्या नागरी हक्कांच्या कायद्यानें वंश, वर्ण, धर्म, लिंग व मूळ देश यांवरून नोकरींत भेदभाव करण्यास तेथें बंदी झाली. 1967 च्या कायद्यानें चाळीस व त्यापुढील वयाच्या माणसांस वयाच्या बाबतींत तसेंच संरक्षण मिळालें. म्हणून शहाणा मालक या गोष्टी विचारीतच नाहीं. बाई म्हणाल्या, ‘जें त्यांनीं विचारूं नये, तें तुम्ही आपण होऊन सांगतां, आणि जें त्यांस कळावयास हवें, तें मात्र सांगत नाहीं.’

दुसऱ्या दिवशीं त्यांनीं मला माझें चित्र दाखविलें व एक कागद हातीं दिला. सात मिनिटांत मीं ‘आम्ही’ हा शब्द तेवीस वेळां व ‘मी’ केवळ दोन वेळां उच्चारिला होता. ‘आम्हीं नळ टाकले, आम्हीं हिशेब केला, ठीक आहे, पण त्यांत तुम्हीं काय केलें?’ मीं उत्तर दिलें, ‘बाई, आमच्याकडे आपली थोरवी आपणच सांगणें हलकेपणाचें मानितात.’ लहानपणीं आजी दासबोध वाचीत असे. त्यांतील मूर्खलक्षणांत आत्मस्तुति करणारा येतो, आणि वाडवडिलांच्या मोठेपणावर मिरविणाराहि येतो. पहिला मूर्ख होऊं नये म्हणून मी फार जपलों, परंतु दुसरा मात्र झालों होतों, हें तेव्हां ध्यानांत आलें!

माझें बोलणें ऐकून इतरांसहि धीर आला. कोरियाचा विद्यार्थी म्हणाला कीं, त्याच्या भाषेंत स्वतःच्या आईलाहि ‘आमची आई’ म्हणतात. नायजेरियाच्या एका भगिनीनें सांगितलें कीं, तिच्या घरीं वडील माणसाच्या डोळ्यांकडे रोखून पाहणें उद्धटपणाचें समजतात. येथें तर मान खालीं घातली कीं माणूस कांहीं लपवितो असें वाटतें. बाईंनीं सर्वांचें ऐकून घेतलें. मग त्या म्हणाल्या, ‘तुमचा विनय टाकून द्या, असें मी म्हणत नाहीं. विशेषणें टाका आणि क्रियापदें सांगा. मी हुशार आहें, ही स्तुति झाली. मीं अमुक मोजलें, तमुक दुरुस्त केलें, ही साक्ष झाली. साक्षीदारानें संकोचानें गप्प बसूं नये.’ अशी साक्ष देण्याची रीतहि त्यांनीं घालून दिली: प्रथम परिस्थिति, मग आपल्याकडे आलेलें काम, मग आपण केलेली कृति, आणि शेवटीं तिचा परिणाम. ही रीत त्या देशांत सर्वत्र प्रचलित आहे.

चौथ्या आठवड्यांत प्रश्न निघाला, ‘तुमच्या हातून घडलेली एखादी चूक सांगा.’ मी कामांत फार बुडून जातों हाच माझा दोष, असें पढीक उत्तर मीं ठोकून दिलें. सारा वर्ग खदखदून हंसला, कारण बहुतेकांनीं तेंच पाठ करून आणिलें होतें. तेव्हां, जी गोष्ट मीं घरींहि सांगितली नव्हती, ती सांगितली. पुण्याच्या कचेरींत असतांना एका खेड्याच्या योजनेच्या नकाशावर 160 मिलिमीटर व्यासाच्या नळाच्या जागीं मीं 110 लिहिलें होतें. नळ जितका अरुंद तितकें घर्षण अधिक. तेवढेंच पाणी नेतांना त्या नळांत दाबाचा नाश सुमारें सहापट झाला असता, आणि गांवाच्या वरच्या आळीला पाणी पोंचलें नसतें. नळांची मागणी गेल्यानंतर, रात्रीं हिशेब पुन्हां पाहतांना ती चूक मला दिसली. रात्रभर झोंप आली नाहीं. सकाळीं मीं वरिष्ठांकडे जाऊन ती सांगितली व मागणी थांबविली. त्या दिवसापासून प्रत्येक नकाशावरील व्यास दुसऱ्या माणसाकडून मूळ हिशेबाशीं ताडून घेण्याची पद्धत मीं पाडली.

हें सांगतांना एकदांहि ‘आम्ही’ हा शब्द माझ्या तोंडीं आला नाहीं. माझ्या ‘आम्ही’मध्यें विनय होता खरा, परंतु थोडें लपणेंहि होतें. जो श्रेय स्वतःकडे घेत नाहीं, त्याला दोषहि घ्यावा लागत नाहीं! हें मला त्या दिवशीं कळलें.

वर्ग संपत आला तेव्हां सर्वांत कठीण प्रश्न पुढें आला. परदेशीयाला तेथील अर्जांत बहुधा दोन गोष्टी विचारीत: आज काम करण्याचा कायदेशीर अधिकार आहे काय, आणि पुढें परवान्यासाठीं मालकानें अर्ज करण्याची गरज लागेल काय? त्या वेळच्या नियमांप्रमाणें पदवीनंतर एक वर्ष, व स्थापत्यासारख्या विषयांत आणखी दोन वर्षें, काम करतां येत असे. त्यापुढें मालकानें अर्ज करावा लागे. आणि असे परवाने वर्षास 65,000 व तेथील उच्च पदवीधरांसाठीं आणखी 20,000 एवढेच असल्यामुळें चिठ्ठ्या टाकून निवड होई. ही यातायात नको म्हणून दुसऱ्या प्रश्नास ‘होय’ लिहिणाऱ्याचा अर्ज पुष्कळ मालक बाजूस ठेवीत, व कायद्यानें त्यांस तशी मोकळीक होती. आमच्या बिऱ्हाडांतील एका वडील विद्यार्थ्यानें सल्ला दिला, ‘अरे, नाहीं म्हणून लिही. एकदां आंत शिर, मग पुढचें पुढें.’ घराचें तारण डोळ्यांपुढें होतें, मन डळमळलें. मीं बाईंस विचारिलें. त्या म्हणाल्या, ‘तसें लिहिणार असाल, तर ती नळाची गोष्ट पुन्हां कोणाला सांगूं नका.’

मीं ‘होय’ लिहिलें. 2019 च्या मे महिन्यांत पदवी मिळाली व जूनमध्यें कामाचा परवाना सुरू झाला. त्यांत बेकार राहण्याची मुदत एकंदर 90 दिवसांची. तेवढ्यांत नोकरी न मिळाली तर देश सोडावयाचा. भिंतीवरील दिनदर्शिकेंत मी रोज एक दिवस खोडीत असें. त्रेसष्ट अर्ज केले, मुलाखतीस सहाच ठिकाणीं बोलावणें आलें. आई टेलिफोनवर विचारी, ‘झालें का रे कांहीं?’ आणि मी विषय बदलीं. एकाहत्तराव्या दिवशीं जलवाहिन्यांचें काम करणाऱ्या एका लहान कंपनींत मीं नळाची गोष्ट सांगितली. समोरच्या गृहस्थांनीं विचारिलें, ‘तुम्हीं सांगितलें नसतें, तर कोणास कळलें असतें?’ मी म्हणालों, ‘वरच्या आळींत पाणी भरणाऱ्या बायकांस कळलें असतें.’ दुसऱ्या दिवशीं नोकरीचें पत्र आलें.

येथेंच थांबलों तर गोष्ट गोड होईल, परंतु पुरी होणार नाहीं. 2020, 2021 व 2022 अशा तीन वर्षीं कंपनीनें माझें नांव चिठ्ठ्यांत घातलें. तिन्ही वेळां तें निघालें नाहीं. 2022 च्या जूनमध्यें मी स्वदेशीं परत आलों. तोंपर्यंत वडिलांचें घर मात्र बँकेकडून सोडविलें गेलें होतें.

आज पुण्यास एका कचेरींत मी मेजाच्या दुसऱ्या बाजूस बसतों. आपल्यासारख्याच शाळांतून आलेलीं मुलें-मुली समोर येतात, गांवापासून आरंभ करितात व प्रत्येक कामाला ‘आम्हीं केलें’ म्हणतात. मी त्यांस थांबवीत नाहीं. गांवाचें नांव ऐकावयास मलाहि आवडतें. मग पाण्याचा पेला पुढें करून विचारितों, ‘बरें, आतां त्यांत तुम्हीं काय केलें, तें सांगा.’ विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न तुम्हांसहि एक दिवस कोणी तरी विचारील. त्या वेळीं सांगण्यासारखें कांहीं तरी स्वतःच्या हातानें करून ठेवा, आणि तें विचारिल्यावर, चुकीसकट, जसें घडलें तसें सांगा.

— एक माजी विद्यार्थी